वाचकांचे प्रश्न: जुनी गाडी, दुसऱ्या गाडीचा ब्रेक

जुन्या मोटारसायकलींच्या ब्रेकवर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक लोकांनी एकच विचारले आहे: 'माझ्या गाडीला कोणत्या गाडीची डिस्क बसते?' बसायला बरेच काही बसते. लेथ आणि वेल्डिंग असले की आपल्याकडे काहीही बसवून मिळते, अडचण त्यानंतर सुरू होते. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझी राजदूत 350 1985 सालची आहे. आंबा घाट उतरताना पुढचा ब्रेक अर्ध्यातच सुटल्यासारखा वाटतो, आणि जोरात धरला की हँडल थरथरते. मेकॅनिक म्हणतो, ड्रम काढून डिस्क टाका. टाकू का? (सांगली)

अजून नको. तुमचा ब्रेक मुळात वाईट नाही, बहुधा दमलेला आहे. तुमची राजदूत 350 म्हणजे मुळात यामाहाची जपानी आरडी 350, आणि तिला पुढे डिस्क होती. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये ती गाडी इथे आणली तेव्हा डिस्कऐवजी 180 मिमीचा दोन कॅमवाला ड्रम दिला. यामाहाच्या आधीच्या आर5 लाही तसाच ड्रम होता. ब्रेक धरला की कॅम नावाचा तुकडा फिरतो आणि शू, म्हणजे घासणाऱ्या कमानी, ड्रमला आतून दाबतो. साध्या ड्रममध्ये एक कॅम दोन्ही शू उघडतो. त्यातल्या एका शूला ड्रमचा फिरण्याचा ओढा आणखी घट्ट दाबतो, दुसऱ्याला मागे ढकलतो. दोन कॅमच्या ब्रेकमध्ये दोन्ही शू पहिल्या प्रकारचे असतात, म्हणून त्याची पकड चांगली. पण दोन्ही शू एकाच क्षणी टेकले तरच. तसे नसेल तर एक शू सगळे काम करतो, तापतो, चकाकतो, आणि दुसरा नुसता सोबतीला फिरतो.

थरथर वेगळ्या कारणाने येते. ड्रम गोल राहिलेला नाही. स्पोक कमी-जास्त आवळले की हब (चाकाचा मधला भाग) ओढला जातो आणि त्यासोबत आतली बिडाची रिंगही लंबगोल होते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी रिमचा आऊट (डगमग) काढा, सगळे स्पोक सारख्या ताणाचे करा, टायर चढवून हवा भरा, आणि मग पूर्ण चाक लेथवर लावून ड्रम कापा. सुटा हब कापून नंतर स्पोक भरले तर पैसे फुकट गेले असे समजा. मोठ्या चकचे लेथ सगळीकडे नसते, पण ट्रकचे ड्रम कापणाऱ्याकडे असते. आधी डायल गेज (गोलाईतला फरक दाखवणारा मापक) लावून बघा. 0.1 मिमीच्या आत फरक असेल तर ड्रमला हात लावू नका. कापावा लागलाच तर 180 चा ड्रम 181 च्या पुढे नेऊ नका.

ड्रमचा व्यास वाढला की जुने शू त्यात मधोमधच टेकतात. लायनर बसवणाऱ्याकडून शूवर जाड लायनर (घासणारे अस्तर) चिकटवून घ्या आणि त्याची गोलाई तुमच्याच ड्रमला जुळवा. शू ब्रेक प्लेटवर (शू धरणाऱ्या, न फिरणाऱ्या झाकणावर) बसवायचे, प्रत्येक कॅम आणि शू यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ठेवायचा, आणि प्लेटसकट लेथवर लावून ड्रमच्या व्यासापेक्षा 0.2 ते 0.3 मिमी कमी राहील इतके कापायचे. लायनरच्या कॅमकडच्या टोकाची धार 5-6 मिमी तिरकी घासली तर ब्रेक ओरडत नाही आणि अचानक पकडत नाही. मग लायनरवर खडू फिरवा, चाक बसवून दोन-तीनदा ब्रेक धरा, उघडून बघा. तीन-चतुर्थांश भागावरचा खडू पुसला गेला असला पाहिजे.

आता जुळवणी, जी जवळजवळ कुणीच नीट करत नाही. केबल पूर्ण सैल करा. दोन कॅमलिव्हरना जोडणाऱ्या सळईचा लॉकनट सोडा आणि एका बाजूची पिन काढा. चाक फिरवत पहिला लिव्हर बोटाने दाबा, शू घासल्याचा आवाज आला की तिथेच धरा. दुसराही तसाच. या स्थितीत सळईची लांबी अशी करा की पिन ढकलावी न लागता आपोआप आत पडेल. दोन्ही लिव्हर एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. ब्रेक पूर्ण धरल्यावर केबल आणि लिव्हर यांच्यात काटकोन किंवा त्याहून किंचित कमी कोन हवा. जास्त होत असेल तर लिव्हर कॅमच्या दात्यांवर एक दाता मागे घ्या. शेवटी ॲक्सल नट थोडा सैल करून ब्रेक घट्ट धरा आणि धरलेल्या अवस्थेतच नट आवळा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मध्यावर येते. हँडलवरच्या ब्रेक लिव्हरच्या टोकाला 5 ते 8 मिमी मोकळी चाल ठेवा.

केबल नवी आणि जाड बाहेरच्या आवरणाची घ्या. ब्रेक दाबताना आवरण कमानीसारखे फुगताना दिसले, तर तुमच्या हाताचा जोर त्या फुगण्यात जातो आहे.

एवढे करूनही घाटात ब्रेक मऊ पडला तर डिस्कचा विचार करा, पुढे येझदीच्या उत्तरात त्याची पद्धत दिली आहे. टू-स्ट्रोक गाडी गिअरवर रोखत उतरवणे हा मात्र उपाय समजू नका. या गाडीचा ऑइल पंप एक्सलेटरला जोडलेला आहे. एक्सलेटर बंद आणि इंजिन वेगात, असे लांबवर चालवले तर सिलिंडरला तेल कमी मिळते. जुने शू उघडताना आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

जुन्या बुलेटला पुढे सहा इंची एक कॅमवाला ड्रम आहे. नंतरच्या बुलेटचा सात इंची दोन कॅमवाला ब्रेक सरळ बसतो का? (सातारा)

पैशाच्या मानाने हा सर्वांत समाधान देणारा बदल आहे, कारण गाडी लांबून तशीच दिसते. पण फक्त ब्रेक प्लेट आणून भागत नाही. हब, प्लेट, शू, ॲक्सल, बुश आणि केबल असा पूर्ण संच एकाच गाडीचा घ्या. नवा हब तुमच्या 19 इंची रिममध्ये भरताना स्पोक वेगळ्या लांबीचे लागतात. जुने स्पोक वाकवून बसवणारे कारागीर भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. रिम आणि हबच्या भोकांची संख्याही मोजून घ्या.

आता दोन गोष्टी, ज्यांवर जीव अवलंबून आहे.

पहिली, प्लेट कशाला अडते? ब्रेक धरल्यावर चाकाचा सगळा जोर प्लेटला फिरवू पाहतो. त्या प्लेटची खाच फोर्क बॉटमवरच्या (पुढच्या शॉकच्या खालच्या भागावरच्या) उंचवट्यात बसते, म्हणून ती फिरत नाही. सहा आणि सात इंची प्लेटच्या खाचेची जागा वेगळी निघाली तर 'ॲक्सल नट घट्ट आवळतो, फिरणार नाही' असे ऐकून घेऊ नका. पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट फिरेल, केबल गुंडाळेल आणि चाक जागच्या जागी अडकेल. खाच जुळत नसेल तर फोर्क बॉटमही त्याच संचाचे घ्या. मागच्या चाकाला दुसऱ्या गाडीची प्लेट लावणाऱ्यांनाही हेच लागू: टॉर्क आर्म (प्लेटला फिरू न देणारी पट्टी) हवाच, त्याचा बोल्ट किमान 8.8 ग्रेडचा आणि त्याला स्प्लिट पिन किंवा लॉकनट.

दुसरी गोष्ट, बाजू. दोन कॅमची प्लेट चाकाच्या ज्या बाजूसाठी बनली आहे त्याच बाजूला लावायची. केबलची सोय म्हणून ती दुसऱ्या बाजूला फिरवली की दोन्ही शू उलटे होतात आणि ब्रेक जुन्या सहा इंचीपेक्षाही वाईट लागतो. याच कारणाने हा ब्रेक चढावर मागे घसरणारी गाडी धरायला कमकुवत असतो. तो दोष समजून मेकॅनिककडे जाऊ नका, त्या वेळी मागचा ब्रेक दाबा.

डिस्क बसवली, पण लिव्हर दगडासारखा कडक आणि गाडी थांबत नाही. कॅलिपर 150 सीसी गाडीचा दोन पिस्टनचा, मास्टर सिलिंडर कुर्ल्याहून आणलेला, परदेशी मोठ्या गाडीचा. (ठाणे) / माझा लिव्हर उलट हँडलपर्यंत येतो. कॅलिपर मूळ डाव्या पायाचा, मी उजव्या पायाला लावला आहे. (चिपळूण)

लिव्हर दाबला की हँडलवरचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि त्या दाबाने चाकाजवळचा कॅलिपर डिस्कला पॅडच्या चिमटीत धरतो. ठाण्याच्या वाचकांचे उत्तर मास्टर सिलिंडरच्या अंगावरच लिहिलेले असते. बॉडीवर ओतीव अक्षरात 1/2, 14 किंवा 5/8 असा आकडा दिसेल, तो आतल्या पिस्टनचा व्यास. तुमच्याकडचा 5/8 इंची असावा, म्हणजे 15.9 मिमी. असा मास्टर दोन डिस्क आणि दोन कॅलिपर चालवण्यासाठी असतो.

हिशोब साधा आहे. कॅलिपरच्या एका बाजूच्या पिस्टनचे क्षेत्रफळ भागिले मास्टरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ. समजा सरकत्या कॅलिपरमध्ये 28 मिमीचे दोन पिस्टन आहेत: एकूण 1232 चौरस मिमी. 5/8 च्या मास्टरचे क्षेत्रफळ 198, म्हणजे जोर 6.2 पट. तोच कॅलिपर अर्ध्या इंची, म्हणजे 12.7 मिमीच्या मास्टरला जोडला तर 127 ने भागून 9.7 पट. 14 मिमीला 8 पट, 11 मिमीला 13 पट. अर्ध्या इंचीऐवजी 5/8 चा लावल्यामुळे तुम्हाला तेवढ्याच ब्रेकसाठी दीडपटीहून जास्त दाबावे लागते आहे. लिव्हर कडक लागणे हे चांगल्या ब्रेकचे लक्षण वाटते, इथे तो नुसता कमी पटीचा परिणाम आहे. उलट्या टोकाला 11 मिमीचा लावून पट वाढवली तर लिव्हर लांब चालतो आणि पॅड थोडे झिजले की हँडलला टेकतो.

कोणता आकडा बरोबर, असे विचाराल, तर कॅलिपर ज्या गाडीचा त्याच गाडीचा मास्टर घ्या. त्या कंपनीच्या लोकांनी तो हिशोब करून ठेवलेला आहे. लिव्हरही त्याच संचाचा, कारण त्याच्या पिनपासून पिस्टनपर्यंतचे अंतरही या पटीत मोजले जाते.

जोडताना बँजो बोल्टच्या (होस म्हणजे ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) आट्यांकडे बघा. 10 मिमीच्या बोल्टला 1.0 आणि 1.25 अशा दोन पिचच्या आट्या येतात. दोन-तीन आटे दोन्ही फिरतात, आणि पुढे पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे खरवडले जातात. हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. प्रत्येक बँजोला दोन तांब्याचे वॉशर, दर वेळी नवे, आणि 25 ते 30 न्यूटन-मीटर.

चिपळूणच्या वाचकांच्या सिस्टिममध्ये हवा आहे. एअर काढणारा नीट काढत नाही असे नाही, ती बहुधा निघूच शकत नाही. तुम्ही फोर्कच्या डाव्या पायाचा कॅलिपर उजव्या पायाला लावला आहे. त्यामुळे हवा काढायचा निपल खाली गेला आणि बुडबुडा वरच्या पोकळीत अडकून राहिला. कॅलिपर सोडा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी फळी घाला, निपल सर्वांत वर येईल असा हातात धरून हवा काढा. दुसरी अडण्याची जागा म्हणजे मास्टरजवळची होसची कमान. हँडल असे वळवा की मास्टर सर्वांत उंच राहील. शेवटचे बारीक बुडबुडे जात नसतील तर लिव्हर दाबून रबराने हँडलला बांधा आणि रात्रभर ठेवा, सकाळी बरेच वर आलेले असतात. तरीही लिव्हर मऊ असेल तर जुना रबरी होस फुगतो आहे. स्टीलच्या जाळीचा घ्या.

ब्रेक ऑइल डॉट 4. नवे 230 अंशांना उकळते, पाणी शोषलेले 155 लाच उकळू शकते. कोकणातल्या हवेत दोन वर्षांच्या वर ठेवू नका आणि उघडून ठेवलेली बाटली वापरू नका. डॉट 5 सिलिकॉनचे असते, ते यात मिसळायचे नाही. टाकीवर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सुटतो.

येझदी रोडकिंगला अख्खा पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा, डिस्कसकट, बसवायचा आहे. कोणता घेऊ आणि काय मोजू? (नाशिक)

स्पोकचे चाक हवे असेल तर पर्याय आपोआप कमी होतात. आपल्याकडच्या डिस्कच्या गाड्यांना बहुधा अलॉय चाक असते. स्पोक आणि डिस्क एकत्र मिळतात ती थंडरबर्ड, एव्हेंजर, इम्पल्स अशा काही गाड्यांवर. अपघाती गाडीचा पुढचा भाग स्वस्त मिळतो, पण शॉकपाइप (शॉकच्या आतल्या नळ्या) काचेवर फिरवून सरळ आहेत का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टी (दोन्ही शॉक धरून फ्रेमला जोडणारा भाग) सुद्धा पिळलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही.

व्हर्नियर घेऊन बसा. आधी फ्रेमच्या डोक्यातल्या कपचा आतला व्यास आणि नव्या टीच्या दांड्याचा व्यास. जुन्या गाडीत सुट्या गोळ्यांचा कोनसेट आहे, तिथे टेपर रोलर बेअरिंग घालण्याची हीच संधी. बाहेरचा माप फ्रेमचा आणि आतला माप नव्या दांड्याचा, असे बेअरिंग दुकानाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. जुळत नसेल तर स्टीलची स्लीव्ह, 0.03 ते 0.05 मिमी घट्ट, दाबून बसवायची. दांड्याची लांबी कमी पडत असेल तर तो संच सोडून द्या. दांडा कापून-जोडून वेल्डिंग करायची जागा ही नव्हे.

मग उंची. ॲक्सलपासून खालच्या टीपर्यंतचे अंतर जुन्या-नव्या दोन्ही शॉकचे मोजा, गाडीवर माणूस बसल्यावरचे. 23-24 मिमी आखूड शॉक म्हणजे हँडलचा कोन सुमारे एका अंशाने उभा, आणि ट्रेल (हँडलच्या वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे लागेल तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) साधारण 6 मिमीने कमी. एवढे चालते. 50 मिमी आखूड असेल तर गाडी सरळ रस्त्यावर चुळबुळ करू लागते, ब्रेक धरताना जास्तच. टी आणि ॲक्सलचे पुढे-मागे असणेही यात धरावे लागते, म्हणून शॉक एकाचा आणि टी दुसऱ्याची घेऊ नका.

चाक मधोमध आहे का, हे मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून बघा. फरक असेल तर लेथवर काढलेले स्टीलचे एकसंध बुश वापरा. वॉशरची चळत लावू नका, ती दबते आणि बेअरिंगवरचा ताण बदलतो. हँडल पूर्ण वळवल्यावर स्टॉपर टेकला पाहिजे, शॉकपाइप टाकीला नव्हे. होस शॉक पूर्ण ताणलेला असताना आणि हँडल दोन्हीकडे वळवून तपासा, 2-3 सेंमी ढील हवी. स्पीडोमीटरचे गिअर नव्या हबचे असेल तर काटा खोटा बोलेल. मोबाइलच्या जीपीएसशी पडताळून फरक लिहून ठेवा.

अख्खा संच न घेता जुन्याच शॉकवर कॅलिपर लावायचा विचार काहींनी लिहिला आहे. ॲल्युमिनियमच्या फोर्क बॉटमवर वेल्डिंग करून कंस लावणे आम्ही सुचवणार नाही. ओतीव भाग वेल्डच्या कडेला तडकतो, आणि तडकतो तेव्हा वेग असतो. शिवाय एकाच बाजूला डिस्क आली की बारीक शॉकपाइप त्या बाजूने पिळतात.

एक सावधगिरी: कॅलिपर एबीएसच्या गाडीचा असेल तर तो होस बदलून साध्या मास्टरवर चालतो, पण त्याची तीक्ष्ण पकड चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या भरवशावर ठेवलेली असते. तुमच्याकडे ती नाही, टायरही अरुंद. नवे पॅड पहिल्या दिवशी 50 च्या वेगावरून 10 पर्यंत, चाक न अडकवता, वीस-तीस वेळा हळूहळू धरून बसवा, मधे थंड होऊ द्या. पॅडला तेल लागले असेल तर धुऊन उपयोग नाही, फेकून द्या.

आरएक्स 100 ला डिस्क लावली तर आरटीओ पकडेल का? आणि माझ्या 1968 च्या जावाचे काय? (पुणे, बेळगाव)

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. इंजिन, चासिस, व्हीलबेस यांना हात लागतो तिथे हे कलम नक्की येते, आणि शॉक बदलला की व्हीलबेस बदलू शकतो. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा, विशेषतः थर्ड पार्टीपेक्षा जास्तीचा विमा असेल तर.

आरएक्स 100 विषयी आमचे मत वेगळेच आहे. शंभर किलोच्या आसपासची ती गाडी आणि 130 मिमीचे ड्रम. चांगले शू, नवी केबल आणि गोल ड्रम एवढ्यावर ती शहरात व्यवस्थित थांबते. डिस्कची खरी गरज इंजिन वाढवलेल्यांना असते.

जावाची गोष्ट निराळी. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपातली, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या व्हिंटेज क्रमांकासाठी पात्र ठरते. नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आणि ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हा क्रमांक घ्यायचा असेल तर 160 मिमीचे मूळ ड्रम ठेवा आणि वर सांगितलेली ड्रम, लायनर, केबलची कामे करा. तरी डिस्क लावायचीच असेल तर फ्रेमला काहीही कापू-जोडू नका, आणि जुना शॉक, टी, चाक, प्लेट, अगदी कोनसेटच्या गोळ्यांसकट, तेल लावून पेटीत भरून ठेवा.